एकेचाळिसावा मांडा

चाळीस मांडे झाले आणि मांडे करायला मुद्दाम बोलावलेल्या धुरपदाबाईंचं मनगट धरलं.

चुलीवर पालथं खापर सणसणीत तापलेलं. मांडवात अमळनेरहून मेटॅडोर भरून आलेले सोयरे. सुंदरबाईच्या धाकट्या नणंदेचा साखरपुडा होता. पंगत बसायला अर्धा तास, आणि अजून तीस मांडे हवे होते. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, मग सगळ्यांनी मिळून सुंदरबाईकडे. घरची सून तीच.

तसं तिला सगळं येत होतं. कणीक तिंबावी तर तिनं, पुरण वाटावं तर तिनं. पण पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरायचा आणि अलगद खापरावर टाकायचा, इथं गाडी अडायची. सहा वर्षं दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिनं पहिला मांडा करायला घेतला होता. दर वेळी तो फाटला होता आणि दर वेळी ती हात धुऊन उठली होती. दुसरा मांडा तिनं आयुष्यात कधी घेतलाच नव्हता. धुरपदाबाईंचा मांडा चाळीस वर्षांत एकदाही फाटला नाही, असं अख्खं गाव सांगायचं. देव काहींना हातच तसे देतो, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. असली समजूत फार सोयीची असते. पुढं काही करावं लागत नाही.

आज उठून जायची सोय नव्हती. तिनं गोळा घेतला. कोपरापर्यंत बरा पसरला, आणि खापरावर टाकताना मधोमध फाटला. कुणीतरी फिसकन हसलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"माले जमाव नही, अक्का." सुंदरबाईचे डोळे भरून आले. ती उठायला लागली.

धुरपदाबाईंनी दुखऱ्या हातानंच तिचा पदर धरला. "बस."

त्यांनी फाटका मांडा उलथला, भाजू दिला, फाटलेली बाजू आत घालून चौपदरी घडी केली आणि चळतीवर ठेवला. तो बाकीच्या चाळिसांसारखाच दिसायला लागला. मग त्यांनी स्वतः केलेला एक मांडा उचलून तिच्यासमोर उलगडला. मधोमध दोन बोटं जातील एवढं भोक होतं. आणखी एक उलगडला. त्यालाही होतं. हसणारी बाई वाकून बघायला लागली.

सुंदरबाई बघतच राहिली. सहा वर्षांचं ओझं छातीवरून उतरलं. रडता रडता तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिनं दुसरा गोळा हातावर घेतला.

"पण अक्का, बठ्ठं गाव तर म्हनस, तुमना मांडा कधी फाटत नही!"

"लोकेसनी मना हात देखात, पोरी," धुरपदाबाई मांड्याची घडी पुन्हा घालत म्हणाल्या, "घडी कोन्ही उघाडी नही."