तीनशे बारा तास

भांड्यांच्या जाळीतून चमचा खळकन पडला आणि माझ्या मांडीवर झोपलेली लेक, जुई, जागी झाली. दुपारी ती झोपली की मी नवऱ्याच्या, हितेंद्रच्या, कॉटन ग्रीनमधल्या गॅरेजचे रिपोर्ट टाइप करते.

आजचा रिपोर्ट एका स्पोर्ट्स कारचा होता. इंजिन लाल रेषेपलीकडे, म्हणजे त्याला झेपेल त्याहून जास्त वेगाने फिरलं, की ते किती तास चालल्यावर घडलं हे गाडीचा कॉम्प्युटर नोंदवून ठेवतो. सकाळी या नोंदी काढल्या तेव्हा हे इंजिन एकूण तीनशे अकरा तास चाललं होतं.

शेवटची नोंद तीनशे बारा तासांवरची होती.

जुईला थोपटत मी हितेंद्रला स्पीकरवर फोन लावला. तो तीच गाडी घेऊन ट्रायलला गेला होता.

"न झालेल्या तासाची नोंद कशी रे?"

"कॉम्प्युटरचा घोळ असेल गं. फ्रीवेवर आहे, गाडी सुरू करून तासभर होत आला. चहा टाक, आलोच."

त्याच्यामागे इंजिनाचा आवाज चढू लागला. चढतच गेला.

"अरे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढ ना!"

"मेघना," तो अगदी हळू म्हणाला, "पाय केव्हाच काढलाय मी. दोन्ही मागे घेतलेत."

आवाज आणखी चढला.

जुईने फोनला कान लावला.

"आई, मग तिथे पाय कुणाचा आहे?"