पाहुणे जाईपर्यंत

"पाहुणे जाईपर्यंत रडायचं नाही हं, राजा."

अमेरिकेतल्या ट्रॉय गावी, त्यांच्या छोट्या मोटेलमध्ये, रिसेप्शनमागच्या खोलीत बाबा वारले, त्या सकाळी आई छोट्या सुमंतच्या कानात एवढंच बोलली आणि डोळे पुसून पाहुण्यांची कॉफी ठेवायला गेली.

वेल मांडवावर चढावी तसं ते मोटेल वाढलं. हॉटेलं झाली, आइस हॉकीची टीम आली, आणि आज दुपारी सुमंतच्या त्या टीमने फायनल जिंकली. मालक असूनही तो जुन्या सवयीने, जिंकलेला कप घेऊन स्टेडियमच्या गेटवर उभा राहिला, प्रेक्षकांना निरोप द्यायला. शेजारी त्याची बायको कांचन हसतमुख उभी होती, पण हातातला फोन तिने पालथा धरला होता.

"आईला व्हिडिओ कॉल लाव ना यार! नर्सला म्हणावं, उशी लावून बसव तिला. कप दाखवू."

"आधी यांना जाऊ दे."

"झालीस तू अगदी आईसारखी!" तो हसला.

पेंगुळलेलं लेकरू खांद्यावर घेऊन शेवटचं कुटुंब पार्किंगकडे गेलं. गेट लागलं. कांचनने त्याच्या हातातला कप अलगद काढून घेतला.



"आई मॅच चालू असतानाच गेल्या, सुमंत. पाहुणे गेले सगळे... आता रड."