गळ्यापर्यंत चेन

बोट बुडताना स्वयंपाक्याने जाडजूड जीवरक्षक पोशाख कसाबसा अंगात चढवला होता, म्हणून त्या बर्फासारख्या पाण्यात तो अजून तरंगत होता. "थंडी पळून उकडायला लागलं, तर समजा, शरीर थापा मारतंय. चेन उघडाल तर संपलात," असं कप्तानाने बजावलं होतं. पण आता ते त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. हुडहुडी केव्हाच थांबली होती. पाणी हळूहळू ओसरलं आणि तो थेट आत्याच्या स्वयंपाकघरात येऊन पोचला. खिडकीतून ऊन आत आलं होतं, शेगडी धगधगत होती, आणि त्याला लहानाचं मोठं करणारी आत्या पाठमोरी उभी राहून काहीतरी ढवळत होती.

"आलास, बाळा? किती घामाघूम झालायस! काढून टाक ते सगळं आणि पड जरा."

त्याचा हात हनुवटीखाली गेला. चेन बोटभर खाली आली.

"आत्या, दार उघडंच राहिलं बघ माझ्याकडून."

"राहू दे रे, राजा."

त्याचा हात थबकला. चेन पुन्हा गळ्यापर्यंत ओढून घेत त्याने विचारलं, "तुम्ही कोण, बाई?"

शेगडी विझली. पाणी परत आलं, आणि लांबून मोटारबोटीचा आवाजही.

दवाखान्यात नर्सने कितीही गोड बोलून सांगितलं, तरी तो काही डोळे मिटेना. इतक्यात बाहेरून आत्याचा खणखणीत आवाज आला, "दार कुणी उघडं टाकलंय? आणि गाढवा, पांघरूण घे आधी गळ्यापर्यंत!"

तेव्हा कुठे तो निर्धास्त झोपला.