आई काय म्हणाली

"हा निबंध डोमकावळ्याचा आहे." वीओरिकाबाईंनी सावेताचा पेपर तिच्यासमोर धरला. "वर्गाच्या ब्लॉगवर शब्द न् शब्द हाच आहे. पाठ करून उतरवलास ना गं?"

सावेता मान खाली घालून उभी राहिली. रोमानियन भाषेच्या या पेपरात नापास झाली, तर वडील तिला शाळेतून काढून शिवणाच्या कारखान्यात धाडणार होते. बाईंना ते ठाऊक होतं. म्हणून तर त्यांचा जीव जास्तच जळत होता.

पाठांतर हा त्या शाळेचा जुना रोग. कवितेवर स्वतःचं मत विचारलं, तरी पोरं गाईड घडाघडा ओतून मोकळी. त्यावर उतारा म्हणून बाईंनी ब्लॉग काढला. टोपणनावानं लिहायचं, कोण कोण ते बाईंनीही विचारायचं नाही. डोमकावळ्यानं तिथे सगळ्यांना वेड लावलं. तो म्हणजे पहिल्या बाकावरचा होरिया, असं सगळे धरूनच चालले होते. होरियाही नुसता हसायचा, नाही म्हणायचा नाही.

डोमकावळ्याचा शेवटचा लेख अंगणात रटरटणाऱ्या आलुबुखाराच्या मुरंब्यावर होता. दुसऱ्या दिवशी आई कामासाठी इटलीला निघायची होती. लेकराचं ढवळण्यातलं लक्ष उडालं आणि मुरंबा खाली लागला. आईनं चमचाभर चाखला. लेख तिथेच तुटला होता. खाली वाचणाऱ्यांचा एकच धोशा होता, आई काय म्हणाली?

"थांबलीस पण तिथेच! पुढचं आणणार कुठून?" बाई कडाडल्या. "होरिया, सांग रे हिला. आई काय म्हणाली?"

होरिया उठला. घसा खाकरला. "आई म्हणजे... त्यागाची मूर्ती..."

"गाईड बंद कर!"

"'छान झालाय' म्हणाली," सावेता पुटपुटली. "जळका होता, तरी. बॅगेतले कपडे काढून ठेवले आणि त्या जागी मुरंब्याच्या सगळ्या बरण्या भरून घेतल्या." तिनं पेपरातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "तेवढं लिहायला गेलं की हात थांबतो, बाई."

होरियाकडच्या सगळ्या नजरा सावेताकडे वळल्या.

"अगं, मग आधी बोलली का नाहीस?"

"सावेताचं कोण वाचतं, बाई? डोमकावळ्याचं सगळे वाचतात."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. पोरगी कारखान्यापासून वाचली होती. त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं.

"सुटलो बुवा!" होरिया म्हणाला. "रोज विचारून विचारून जीव खाल्ला सगळ्यांनी. मला काय माहीत हिची आई काय म्हणाली ते!"

संध्याकाळी सावेतानं लेख पुरा केला आणि खाली स्वतःचं नाव घातलं. सकाळी पहिली प्रतिक्रिया इटलीहून आलेली होती.

"तेव्हा खोटं बोलले गं, कडूजहर झाला होता. पण शेवटची बरणी बोटानं पुसून खाल्ली."