अप्पांना फोन

सुट्टीला आलेल्या माझ्या लेकीने, पूर्णिमाने, माझा फोन तिच्या फोनशी जोडून दिला. "माझं कॅलेंडर आता तुम्हालापण दिसतंय बघा, अप्पा," म्हणाली आणि बेंगळुरूला परत गेली.

त्यात दर रविवारी संध्याकाळी 'अप्पांना फोन' अशी नोंद होती. ती वाचताना माझे बोट लागले आणि नोंद पुसली गेली. इथे पुसले की तिच्याकडचेही पुसले जाते, हे मला ठाऊक नव्हते.

पुढचे दोन रविवार आमच्या खजुरी गावात फोन वाजला नाही. आपणच लावावा, तर ती कामात असेल असे वाटे. शेवटी तिसऱ्या रविवारी ती नोंद मीच पुन्हा लिहिली. संध्याकाळी फोन वाजला.



"काय करायलाव, अप्पा? सहज तुमची आठवण आली, म्हणून लावला."