काळी स्क्रीन

पत्नी सुनंदाबाई गेल्यापासून तोतारामनाना अमळनेरच्या घरात एकटेच राहत. पुण्याहून मुलाने पाठवलेलं नवं डिस्प्ले कार्ड त्यांनी त्या दुपारी जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं. कॉम्प्युटर सुरू झाला, पण स्क्रीन काळीच राहिली.

त्यांनी धुळ्याच्या मोतीलाल मेकॅनिकला फोन लावला.

"नाना, कार्ड काढा, खोडरबरने घासा आणि पुन्हा घट्ट दाबून बसवा."

नानांनी तसंच केलं.

"आता काही दिसतं का?"

"माझाच चेहरा दिसतो काचेत," नाना म्हणाले.

म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं, की काचेतले ओठ हललेच नव्हते. काचेतले नाना मान वळवून मागच्या खाटेकडे पाहत होते. कुणाचं तरी बोलणं ऐकत हसत होते. असं हसणं नानांना वर्षभरात जमलं नव्हतं.

त्यांनी वळून पाहिलं. खाट रिकामी होती.

"नाना," फोनवर मोतीलाल म्हणाला, "तुमच्याजवळ त्या बाई बोलताहेत ना, त्यांना जरा थांबायला सांगा. तुमचं नीट ऐकू येत नाही."

नानांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"काय म्हनस ती?" त्यांनी घरच्या अहिराणीत विचारलं.