एकच फटकारा

शाळेच्या हॉलमध्ये बाबा लेकीच्या चित्रासमोर उभे राहिले आणि त्यांनी आधी भिंत बघितली.

"पुट्टी नीट घासलेली नाही," ते म्हणाले. तीस वर्षं ते लोकांची घरं रंगवत आले होते. नजर आधी भिंतीवरच जायची.

"बाबा, चित्र बघा."

चित्र दाराएवढं. पांढऱ्यावर पिवळ्या रंगाचा एकच ब्रशचा फटकारा, कडेने जाड काळी रेघ, खाली तीन ओघळ. बस्स. तिला चित्रकलेच्या कॉलेजात घालायचं की नाही, हे बाबा आज ठरवणार होते आणि तिने नेमकं हेच मांडलं होतं.

"किती दिवस लागले?"

"तीन आठवडे."

"एका फटकाऱ्याला? तेवढ्यात मी दुमजली बंगला उरकतो. गच्चीच्या कठड्यासकट."

"तुम्ही फटकारा मारता. मी फटकाऱ्याचं चित्र काढलंय."

"आणि हे ओघळ? माझ्या माणसाने असे सोडले तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतो."

"सुटलेले नाहीत ते. काढलेत."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

बाबांनी चित्रकलेच्या सरांकडे बघितलं, पेशंटच्या घरचे लोक डॉक्टरकडे बघतात तसं. सर एकदम खुर्च्या मोजायला लागले.

मग बाबांनी चष्मा काढला. गाल कॅनव्हासला टेकेल इतके वाकले आणि उजेडाच्या दिशेने तिरपं बघू लागले. असं बघून झालं की ते अख्खी भिंत पुन्हा करायला लावतात. त्यांनी बोट फिरवलं. पिवळ्यावरून काळ्यावर, काळ्यावरून पांढऱ्यावर. बोट कोरडंच परत आलं.

"ब्रशची रेघ कुठाय?"

"नाहीये."

"एवढा मोठा फटकारा, आणि ब्रश फिरल्याची खूण नाही?"

"शोधा ना."

ते दुसऱ्या बाजूने वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. "ओघळसुद्धा सपाट," ते पुटपुटले, पण तिला उद्देशून नव्हे. ओठांवर आलेली चार-पाच वाक्यं तिने कशीबशी गिळली. हे तिला आजवर कधी जमलं नव्हतं.

तेवढ्यात कुणाची तरी आई तिथे आली. "अगंबाई, किती ताजा वाटतो रंग," म्हणत तिने बोट पुढे केलं.

बाबांचा हात मध्ये आडवा आला.

"हात लावू नका, ताई," ते म्हणाले. "ओलं आहे."